क्लिअर लेकमधला पारा: खाणीचा की ज्वालामुखीचा?

सनीवेलकर

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण दोन-अडीच तास गाडी चालवून उत्तरेकडच्या क्लिअर लेकला जाऊन आले असतील. संपूर्णपणे कॅलिफोर्नियाच्या हद्दीत असलेल्या गोड्या पाण्याच्या नैसर्गिक सरोवरांत हे सर्वांत विस्तीर्ण. आम्ही तेथे गेलो असता धक्क्यावर एक फलक लावलेला दिसला. कोणत्या जातीचा मासा किती खावा, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी कोणता टाळावा, याची माहिती त्यावर होती आणि कारण म्हणून पाऱ्याचा उल्लेख होता. सरोवराच्या पूर्वेकडील ‘ओक्स आर्म’ या फाट्याच्या काठावर सल्फर बँक नावाची पाऱ्याची बंद पडलेली खाण असून तिला कुंपण घातलेले आहे.

धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका स्थानिक गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांच्या मते खाणीला उगाच दोष दिला जातो. हा सगळा मुलूख ज्वालामुखीचा, जमिनीतून ठिकठिकाणी गरम पाणी आणि वायू बाहेर पडतात, त्यामुळे खाण नसती तरी पारा सरोवरात आलाच असता, असे ते ठामपणे सांगत होते. समोर कोनोक्टी हा ज्वालामुखी पर्वत दिसत असल्यामुळे ते म्हणणे पटण्यासारखे वाटले. परंतु मग केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने या खाणीला सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत का घातले, याचा उलगडा होईना.

येथील भूशास्त्राच्या जाणकारांनी कृपया सांगावे. हा पारा नैसर्गिक किती आणि माणसाने आणलेला किती? शिवाय खाण १९५७ मध्ये बंद झाली असेल, तर तिचा उपद्रव अजून का चालू आहे?

भूस्तर

सनीवेलकर, आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत, आणि ते वेगळे केले नाहीत तर ते गृहस्थही बरोबर ठरतात आणि सरकारही. पारा त्या जागी कोणी आणून ठेवला, हा पहिला प्रश्न. तेथून तो सरोवरात कोणी लोटला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निःसंशय निसर्ग असे आहे. दुसऱ्याचे उत्तर बहुतांशी खाण असे आहे.

मुळापासून सांगतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या डोंगररांगांखाली एके काळी महासागरी भूपट्ट खंडाखाली सरकत होता. सॅन अँड्रियास हा महाप्रस्तरभंग जसजसा उत्तरेकडे लांबत गेला, तसतसे हे खाली सरकणे दक्षिणेकडून क्रमाने थांबत गेले. त्यामुळे खंडाच्या बुडाशी जी पोकळी होऊ लागली, ती भरून काढण्यासाठी खालचे तप्त प्रावरण वर आले. म्हणूनच या डोंगररांगांतील ज्वालामुखी क्षेत्रे दक्षिणेकडून उत्तरेकडे अधिकाधिक तरुण होत जातात. त्या मालिकेतले सर्वांत उत्तरेचे आणि सर्वांत अलीकडचे क्षेत्र म्हणजे क्लिअर लेकचे. येथील उद्रेक सुमारे २१ लाख वर्षांपूर्वी सुरू झाले, कोनोक्टीचा डोंगर साधारण साडेतीन लाख वर्षांपूर्वी उभा राहिला, आणि शेवटचे छोटे स्फोट काठालगत १०-११ हजार वर्षांपूर्वी झाले. भूशास्त्राच्या घड्याळात हे कालचेच म्हणायचे. खालची उष्णता अजून शिल्लक आहे. सरोवराच्या नैर्ऋत्येला असलेल्या ‘द गीझर्स’ या भूऔष्णिक क्षेत्रातील वाफेवर १९६० पासून वीज तयार होत आहे.

सरोवर मात्र ज्वालामुखीच्या विवरात साठलेले नाही. असा समज पुष्कळांचा असतो. सॅन अँड्रियासला समांतर जाणाऱ्या प्रस्तरभंगांच्या दरम्यान जमीन हळूहळू खचत गेली आणि त्या खळग्यात पाणी साठले. खचणे आणि गाळ भरणे यांचा वेग जवळजवळ सारखा राहिल्यामुळे हे सरोवर ना फार खोल झाले, ना भरून गेले. क्षेत्रफळ सुमारे १७५ चौरस किलोमीटर असूनही त्याची सरासरी खोली जेमतेम ८ मीटर आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १९७३ आणि १९८० मध्ये त्याच्या तळात छिद्रे घेऊन गाळाचे लांबलचक नमुने काढले. त्यांपैकी सर्वांत खोल छिद्र १७० मीटरहून अधिक खाली गेले आणि तरीही ते गाळातच होते. उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुन्या सरोवरांत याची गणना होते ती यामुळेच.

आता खाणीच्या जागेकडे वळू. तिची रचना जवळून पाहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. सर्वांत खाली फ्रान्सिस्कन नावाने ओळखले जाणारे, डायनोसॉरच्या काळातले वालुकाश्म आणि शेल आहेत, तेही चांगलेच भेगाळलेले. त्यांवर जुना तळगाळ आणि दरडींचा राडारोडा आहे. त्याच्याही वर, सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वी वाहत आलेला अँडेसाइट लाव्हाचा थर आहे. खालच्या भेगांतून गरम पाणी वर येते. त्यात कर्बवायू, बोरॉन, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड यांचे प्रमाण मोठे असते, आणि त्याबरोबर पाराही येतो. भूजलाच्या पातळीच्या वर हवा लागताच हायड्रोजन सल्फाइडचे गंधक होते आणि गंधकाम्लही होते. या आम्लाने वरचा अँडेसाइट अक्षरशः धुऊन काढला. सिलिका सोडून बाकीचे सारे विरघळून गेले आणि मागे पांढरा, भुसभुशीत, हातात चुरा होणारा दगड उरला, ज्याच्या पोकळ्यांत पिवळे गंधक साठलेले होते. थोडे खाली गेले की गंधकात लालसर हिंगूळ (पारा आणि गंधक यांचे खनिज) मिसळू लागतो, आणि भूजलाच्या पातळीखाली गंधक संपून केवळ हिंगूळ उरतो. तेथे अँडेसाइटचे गोलाकार गोटे तसेच टिकून असतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, आणि हिंगूळ त्या गोट्यांभोवतीच्या भेगांत बसलेला असतो. सह्याद्रीच्या घाटात रस्ता कापलेला असतो तेथे बेसाल्टचे असे गोटे आपण सर्वांनी पाहिले आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे ते काम पावसाच्या पाण्याने केले आहे.

खाणीचा इतिहासही याच क्रमाने वरून खाली गेला. आधी, १८६५ पासून, गंधक काढले जात होते. (शेजारच्या बोरॅक्स लेकवर त्याच्या आदल्याच वर्षी टाकणखार काढायला सुरुवात झाली होती, आणि अमेरिकेतले टाकणखाराचे ते पहिले व्यापारी उत्पादन.) खाली जावे तसतसे गंधक हिंगुळामुळे नासू लागले आणि तो धंदा परवडेनासा झाला, पण त्या काळी सोन्या-चांदीच्या खाणींना धातू वेगळा करण्यासाठी पारा हवाच असे, तेव्हा १८७० च्या दशकात त्याच जागी पाऱ्याची खाण सुरू झाली. भुयारांत उकळते पाणी आणि गुदमरवणारे वायू यांना तोंड देत काम करणाऱ्यांत चिनी मजूर बरेच होते. विसाव्या शतकात भुयारे सोडून उघड्या खाणीची पद्धत आली, १९२७ च्या सुमारास मोठी यंत्रे आली, आणि मधल्या खंडांसह १९५७ पर्यंत काम चालले. गरम पाण्याच्या झऱ्यांशी थेट संबंध जोडता येईल अशा पाऱ्याच्या साठ्यांत याहून अधिक उत्पादन देणारा साठा जगात दुसरा नाही.

मागे काय उरले, तर सुमारे ९ हेक्टरांचा, २७ मीटर खोल खड्डा, ज्याला हर्मन इम्पाउंडमेंट म्हणतात. तो पाण्याने भरला असून सरोवरापासून केवळ २३० मीटरवर आहे. त्याच्या पाण्याचा सामू (pH) ३ च्या आसपास, म्हणजे बराच आम्ल असतो आणि त्यातून वायूचे बुडबुडे सतत येत असतात. उपद्रव अजून का चालू आहे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या एका गोष्टीत आहे: या खड्ड्यातील पाण्याची पातळी सरोवराच्या पातळीहून ३ ते ४ मीटरांनी उंच आहे, आणि दोहोंच्या मध्ये भिंत म्हणून आहे तो खाणीतलाच टाकाऊ खडक, काठावर लोटून दिलेला. आम्लपाणी त्या ढिगांतून झिरपते, झिरपताना त्यांतून आणखी धातू विरघळवून घेते आणि सरोवरात उतरते. खाण बंद झाली म्हणून पाण्याचा उतार बदलत नाही.

कातळवाट

भूस्तर यांचा प्रतिसाद उत्तम आहे, तथापि एक शंका राहते. गरम झरे हजारो वर्षे वाहत होते आणि खाण दीडशे वर्षांतली, तर हजारो वर्षांत झऱ्यांनी किती पारा सरोवरात सोडला असेल याचा हिशेब कोणी केला आहे काय? तो केल्याशिवाय ‘बहुतांशी खाण’ हे विधान घाईचे वाटते. खाणीच्या मालकांची बाजूही साधारण हीच असणार.

दुसरे असे की, आपल्या कोकणातही गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत गरम पाण्याची कुंडे एका रेषेत आहेत, आणि काही ठिकाणी गंधकाचा वासही येतो. तेथे पारा का नाही?

भूस्तर

कातळवाट, शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सरोवरानेच लिहून ठेवले आहे. तळाचा गाळ वर्षानुवर्षे थरावर थर साचत जातो, त्यामुळे त्याचा उभा नमुना काढून प्रत्येक थराचे वय आणि त्यातील पारा मोजला की हिशेब आपोआप हाती येतो. असे नमुने काढून झालेले आहेत. खाणपूर्व काळातील थरांत पारा सापडतो, इतर सरोवरांच्या मानाने तो जास्तही असतो, आणि फार जुन्या काही थरांत त्याचे प्रमाण आजूबाजूच्या थरांपेक्षा वाढलेले आहे. झऱ्यांचा जोर मधून मधून वाढत असावा, असे त्यावरून दिसते. येथपर्यंत ते धक्क्यावरचे गृहस्थ बरोबर आहेत.

मात्र सर्वांत वरच्या थरांत पाऱ्याचे प्रमाण जी उडी घेते, तिच्यापुढे जुने चढउतार किरकोळ ठरतात. मला त्याहूनही बोलकी वाटते ती या उडीची वेळ. पाऱ्याचे खाणकाम १८७० च्या दशकात सुरू झाले, तरी भुयारी खाणीच्या पहिल्या पन्नासएक वर्षांचा ठसा गाळात अगदी फिका आहे. प्रमाण एकदम चढते ते १९२७ च्या सुमारास, म्हणजे यंत्रांनी उघडी खाण खोदून टाकाऊ खडक काठावर लोटायला सुरुवात झाली तेव्हा. झरे त्या साली काही निराळे वागू लागले नव्हते. याला जोड म्हणून नकाशा पाहावा: खाणीच्या काठाशी गाळातला पारा सर्वाधिक आहे, ओक्स आर्ममधून बाहेर पडताना तो झपाट्याने उतरतो आणि दूरच्या अप्पर आर्ममध्ये बराच कमी होतो. एकूण सुमारे १०० टन पारा खाणीमुळे सरोवरात गेला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. हिंगूळ हे अत्यंत कमी विरघळणारे खनिज आहे. भूजलाच्या खाली, प्राणवायूपासून दूर, ते निवांत पडून राहते; झऱ्याने आणलेला पारा बराचसा त्या खडकातच अडकून पडत होता, आणि म्हणून तर तेथे खाण काढण्याजोगा साठा तयार झाला. तो सगळाच्या सगळा सरोवरात वाहून जात असता तर खणायला उरले काय असते? खाणीने तो खडक वर काढला, फोडला, भट्टीत भाजला आणि उरलेला चुरा हवेत व पावसात उघडा टाकला.

कोकणातील कुंडांची गोष्ट वेगळी आहे. दख्खनचे ज्वालामुखी थंडावून साडेसहा कोटी वर्षे उलटली; त्यांची उष्णता आता उरलेली नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या पोटातील नेहमीच्या उष्णतेने तापते आणि किनाऱ्याला समांतर असलेल्या भेगांतून परत वर येते, एवढीच ती यंत्रणा आहे. क्लिअर लेकच्या खाली मात्र अजून तप्त असलेला भाग आहे आणि त्याच्यावर फ्रान्सिस्कन गाळखडक आहेत. पारा, बोरॉन आणि अमोनिया या खडकांतून भाजून निघाल्यासारखे वर येतात. नुसते गरम पाणी असून भागत नाही.

जलपरीक्षक

भूशास्त्राची बाजू वर नीट आली आहे. माशांपर्यंतचा प्रवास अजून कोणी सांगितलेला नाही, म्हणून थोडी भर घालतो. मी पाण्याच्या तपासणीच्या क्षेत्रात काम करतो.

हिंगुळातला पारा माशाने गिळला तरी तो बहुतांशी तसाच बाहेर पडतो. धोका आहे तो मिथाइल पाऱ्याचा, आणि तो खाणीत तयार होत नाही. तळाच्या गाळात, प्राणवायू नसलेल्या जागी, सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात; ते अकार्बनी पाऱ्याचे रूपांतर मिथाइल पाऱ्यात करतात. हे रूप शरीरात टिकून राहते, त्यामुळे सूक्ष्म जीव, त्यांना खाणारे बारके मासे आणि त्यांना खाणारे मोठे मासे अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. लार्जमाउथ बास हा शिकारी मासा या साखळीत वर असल्यामुळे फलकावर त्याच्याविषयीचा इशारा कडक असतो. कॅलिफोर्निया राज्याने या सरोवरातील माशांबाबतचा पहिला इशारा १९८० च्या दशकातच दिला होता.

येथे आम्लपाण्याची दुहेरी करामत पाहण्यासारखी आहे. खड्ड्यातून येणारे पाणी पाऱ्याबरोबर भरपूर सल्फेटही आणते, म्हणजे जिवाणूंना लागणारा कच्चा माल आणि त्यांचे खाद्य असे दोन्ही एकाच वाटेने पोचते. शिवाय सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे, त्याचा सामू ८ च्या आसपास असतो. सामू ३ चे पाणी त्यात मिसळताच विरघळलेले ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचा साका होऊन पांढरे, मऊ, कापसासारखे पुंजके तयार होतात आणि ते तळाशी खाणीसमोर साचतात. १९९० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभ्यासकांनी हे पुंजके तपासले तेव्हा त्यांत पारा तर होताच, पण मिथाइल पारा तयार होण्यासही तेथे अनुकूल स्थिती होती. यामुळे एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली. १९५७ पूर्वी जे धुऊन गेले तेवढ्यावर हे प्रकरण संपलेले नाही. खाणीतून ताजा पुरवठा चालूच आहे.

तरीही एक कोडे आहे आणि ते सांगितले पाहिजे. गाळात पारा एवढा प्रचंड असताना माशांत तो त्या मानाने कमीच आहे. इतर सरोवरांचा अनुभव धरून अंदाज केला तर याहून बराच अधिक निघायला हवा होता. हे सरोवर पोषकद्रव्यांनी समृद्ध आहे, उन्हाळ्यात नील-हरित जिवाणूंची दाट साय पाण्यावर येते. एवढ्या मोठ्या जैविक वस्तुमानात पारा वाटला जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. हिंगुळाचे अविरघळपण हे दुसरे. मात्र त्या सायीचे कौतुक करू नये, कारण तिच्यातली विषे ही त्या पाण्याची स्वतंत्र डोकेदुखी आहे, आणि काठावरच्या वस्त्यांना पिण्याचे पाणी शुद्ध करताना पाऱ्यापेक्षा या सायीचाच त्रास जास्त होतो.

ओघात आणखी एक. पर्यावरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अन्नसाखळीतून विष वाढत जाण्याचे जे आद्य उदाहरण देतात, तेही याच सरोवराचे आहे. त्यात पाऱ्याचा संबंध नाही. चिलटांसारख्या, पण न चावणाऱ्या कीटकांचा नायनाट करण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये येथे डीडीडी हे कीटकनाशक ओतले गेले. पाण्यात त्याचे प्रमाण नगण्य होते, परंतु मासे खाणारे वेस्टर्न ग्रीब पक्षी शेकड्यांनी मेले आणि त्यांच्या चरबीत ते प्रचंड प्रमाणात सापडले. म्हणून ‘पाण्यात तर काही सापडत नाही’ हा युक्तिवाद निदान या सरोवराच्या बाबतीत कोणी करू नये.

डिचोलीकर

आमच्या गोव्यात डिचोली, सांगे, सत्तरी या भागांत लोहखनिजाच्या खाणींचे असे कितीतरी खंदक पाण्याने भरून पडलेले आहेत, आणि त्यांच्या कडेला टाकाऊ मातीचे डोंगर उभे आहेत. हा धागा वाचून काळजी वाटू लागली. आमच्या खंदकांतले पाणीही असेच आम्ल होत असेल काय?

भूस्तर

डिचोलीकर, त्या अर्थाने काळजी नको. पाणी आम्ल होण्यासाठी सल्फाइड लागते, म्हणजे पायराइटसारखे खनिज किंवा सल्फर बँकच्या जागी आहे तसा हायड्रोजन सल्फाइड. गोव्यातील खनिज हे लोहाचे ऑक्साइड आहे आणि जांभा दगडाच्या मुलखात ते लाखो वर्षे धुऊन निघालेले आहे. त्यात सल्फाइड फारसे उरलेलेच नाही. आपल्याकडचा खरा त्रास आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल: पावसात टाकाऊ मातीचे ढीग खचणे, शेतात आणि नदीत तांबडा गाळ भरणे, खंदक उपसल्यामुळे विहिरी आटणे. तो वेगळ्या जातीचा प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा निघायला हवा.

सनीवेलकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता एकच विचारतो. उंचावरचा खड्डा हेच जर मूळ असेल, तर तो उपसून बुजवून का टाकत नाहीत? १९९० मध्ये सुपरफंडच्या, म्हणजे सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत आलेली जागा एवढी वर्षे तशीच का?

भूस्तर

तशीच आहे असे नाही. १९९२ मध्ये काठावरच्या ढिगांचा उतार कमी करून त्यांना दगडी अस्तर केले गेले, त्यामुळे लाटांनी थेट धुऊन नेणे थांबले. त्याच दशकातील जोरदार पावसाळ्यांनंतर वरून येणारे ओढे खड्ड्यात न जाता बाजूने जावेत यासाठी चर आणि नळ घातले गेले. खाणीला अगदी लागून एलेम पोमो या मूळनिवासी समाजाची वस्ती आहे. सरोवराकाठी त्यांचा वास हजारो वर्षांचा. घरांच्या जोत्यांखाली आणि रस्त्यांखाली भराव म्हणून तेथे १९७० च्या दशकात चक्क खाणीचाच टाकाऊ माल वापरला गेला होता. तो २००६-०७ मध्ये खणून काढण्यात आला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत लाजिरवाणी बाब आहे, कारण सरोवरातील माशांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या समाजालाच मासा मोजून खायला सांगण्याची पाळी आली.

बुजवण्याची अडचण भूशास्त्रातच आहे. सामान्य खाणीचा खड्डा पावसाच्या आणि भोवतालच्या भूजलाने भरतो. हा खड्डा त्यांखेरीज तळातून, गरम झऱ्यांनीही भरतो. माती टाकून तो बुजवला तरी खालून येणारे पाणी आणि वायू थांबणार नाहीत, ते भरावातून वाट काढतील आणि तो भरावही आम्लात भिजत राहील. उपसा करायचा म्हटला, तर तो कायमचा करावा लागेल, उपसलेले पाणी चुन्याने शमवावे लागेल आणि त्यातून निघणारा धातूंचा चिखल कुठेतरी सांभाळावा लागेल. शिवाय पातळी सरोवराच्या खाली नेली तर उतार उलटा होऊन सरोवराचेच पाणी ढिगांतून खड्ड्याकडे येऊ लागेल. प्रदूषणाच्या दृष्टीने ते इष्ट आहे, पण उपशाचा बोजा त्याने आणखी वाढतो. पंप एक दिवस बंद पडला की पुन्हा पूर्वीसारखेच.

त्यामुळे पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये निश्चित केलेल्या योजनेचा भर टाकाऊ खडकावर आहे: विखुरलेले ढीग एकत्र आणायचे, त्यांवर पाणी न झिरपू देणारे आच्छादन घालायचे आणि स्वच्छ पाणी त्यांच्यापासून दूर ठेवायचे. मला हे शहाणपणाचे वाटते, कारण झरे आपल्या हातात नाहीत, ढीग आहेत. तळाशी साचलेल्या गाळाचा विचार स्वतंत्र टप्प्यात होणार आहे. तो गाळ उपसायचा तर तो ढवळून पारा पुन्हा पाण्यात येण्याची भीती, आणि नव्या स्वच्छ गाळाखाली तो हळूहळू पुरला जाण्याची वाट पाहायची तर खाणीतील झिरपणे आधी थांबलेले असणे आवश्यक. म्हणून हा क्रम ठरवलेला असावा.

सरोवराच्या बाहेर काय होते तेही थोडक्यात सांगतो. पूर्वी याचे पाणी पश्चिमेला रशियन नदीकडेही जात असे. काही हजार वर्षांपूर्वी एक मोठी दरड कोसळून ती वाट बंद झाली आणि आता सगळे पाणी पूर्वेला कॅश क्रीकमधून सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात उतरते. कॅश क्रीकच्या खोऱ्यात पाऱ्याच्या इतरही जुन्या खाणी आहेत, आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या त्रिभुज प्रदेशात येणाऱ्या पाऱ्यात या खोऱ्याचा वाटा मोठा आहे.

आणि आपण सनीवेलला राहता, तर आणखी एक सांगून ठेवतो. सॅन होजेच्या दक्षिणेला न्यू अल्माडेन आहे, जेथे अमेरिकेतील सर्वाधिक पारा निघाला. तेथील साठा झऱ्यांकाठचा नाही. सर्पेंटिनाइट खडकाचे रूपांतर होऊन सिलिका आणि कार्बोनेटचा जो कठीण दगड बनतो, त्याच्या भेगांत तेथे हिंगूळ बसलेला होता. आता तेथे उद्यान आहे आणि शनिवार-रविवारी आपली मंडळी मुलांना घेऊन फिरायला जातात. फिरायला हरकत नाही. परंतु परिसरातील अल्माडेन, ग्वाडालूप आणि कालेरो या जलाशयांच्या काठावर माशांविषयीचे तसेच फलक लागलेले आहेत, तेही वाचावेत.